न पाहिलेली स्लाइड

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं लोकांचं रक्त तपासते आहे. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं आमच्या गल्लीत येतात, बाकांवर बसून राहतात आणि मी खिडकीतून दिलेला कागद घेऊन समोरच्या डॉक्टरांकडे जातात. त्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांच्याआधी मला माहीत असतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी चूक झालीच नाही असं मी म्हणणार नाही. पण चूक लक्षात आल्यावर फोन करून, माणसाला परत बोलावून, दुसऱ्यांदा रक्त घेऊन ती दुरुस्त केली नाही असं फक्त एकदा झालं. तो कागद कुत्र्याचा होता, आणि मी तो कोणाला दाखवलाच नाही.

कुत्रा बाबांचा. आई गेली त्या वर्षी बाबांनी बोलणं जवळजवळ सोडून दिलं होतं. पाटबंधारे खात्यात जन्मभर क्लार्की केलेला माणूस, घरी आल्यावर ऑफिसातल्या गमती आईला रंगवून सांगायची त्यांना सवय. ऐकणारी गेली. सकाळी बुद्धवंदना म्हणत तेवढाच त्यांचा आवाज घरात ऐकू यायचा. मी लग्न केलं नाही, त्यामुळे इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. मी डबा करून ठेवायची, संध्याकाळी तो अर्धा तसाच सापडायचा.

त्या हिवाळ्यात गल्लीत गटाराच्या लाइनसाठी सिमेंटचे पाइप आणून टाकले होते. एका पाइपात कुत्री व्याली. खोदकाम सुरू झालं तशी तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवलं. एक मागे राहिलं. बाबा दोन दिवस खिडकीतून पाहत होते, की ती येते का परत. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ते ओसरीत मांडी घालून बसलेले, मांडीवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात ते पिल्लू.

"ह्याच्या मायनं ह्याले मोजलंच नाई वं," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांनी ते आपणहून माझ्याशी बोलले होते.

त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. बाबा त्याला माणसासारखी हाक मारत, "का गा?" हळूहळू तेच त्याचं नाव झालं. गल्लीतून जाणारा कोणी दुसऱ्या कोणाला "का गा, कुठं चालला?" म्हणाला तरी आमच्या ह्याचे कान उभे राहायचे आणि तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा, मलाच बोलावलं म्हणून. नागपुरात दिवसभरात किती लोक का गा म्हणतात, विचारू नका. बिचारा सारखा उठबस करायचा. बाबांना त्याचं इतकं हसू यायचं की डोळ्यांत पाणी यायचं. रंगानं तो तपकिरी होता, चारही पाय खालून पांढरे, आणि एक कान कायम दुमडलेला. सकाळी बाबा त्याच्यासाठी अंडं उकडायचे. आणि अंडं उकडायचंच तर मग दोन, एक स्वतःसाठी. अशा रीतीनं बाबा जेवायला लागले. ऑफिसातल्या जुन्या गमती आता ते त्याला सांगायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

सहा वर्षं असं चाललं.

उन्हाळ्यात त्याच्या अंगावर गोचीड व्हायचे. बाबा ओसरीत रॉकेलची वाटी घेऊन बसायचे आणि कानातून, बोटांच्या मधून एकेक गोचीड उपटून वाटीत टाकायचे. आमच्याकडे सगळेच असं करतात. गोचिडानं ताप येतो, तो रक्तात बसतो, महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि आतून हाडाच्या मज्जेपर्यंत पोचतो, हे मला पुस्तकी माहीत असायला हवं होतं. माणसांचे किती तरी ताप मी ओळखते. कुत्र्यांचा हा ताप मी नंतर वाचला.

मागच्या मार्चमध्ये एका सकाळी बाबा म्हणाले, "हा बराबर जेवून नाई राहिला. अर्धी पोळी ठेवून देते."

"ऊन लागलं असेल, बाबा."

"ऊन तं दरसाली लागते. तू त्याचं रक्त पाहून घे ना. लोकायचं पायतं, घरच्याचं काहून नाई?"

सोमवारी कामावर जायच्या आधी मी लॅबमधून आणलेली सुई, रबरी पट्टा आणि जांभळ्या टोपणाची नळी घेऊन ओसरीत बसले. बाबांनी त्याला मांडीवर धरलं. पुढच्या पायावरचे थोडे केस कातरून काढले. पहिल्यांदा शीर सापडलीच नाही. दुसऱ्यांदा सापडली, पण रक्त थेंब थेंब येत राहिलं. तो गुरगुरला नाही, पाय ओढला नाही. फक्त मान वळवून बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. बाबा त्याला म्हणाले, "झालं गा, झालं. आपलीच पोरगी होय."

दुपारी, सगळ्या पेशंटांची कामं संपल्यावर, मी ती नळी मशीनला लावली. कागद निघाला. हिमोग्लोबिन थोडं कमी. आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात त्या, एकेचाळीस हजार. आकड्याच्या पुढे चांदणी. चांदणी म्हणजे मशीन सांगतं की माझ्या ह्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी पाहा. रक्त हळूहळू आलं असेल तर नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या कमी दिसतात. हे रोज होतं. म्हणून चांदणी दिसली की थेंबभर रक्त स्लाइडवर पसरायचं, वाळवायचं, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. नव्यानं लागलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी मी हे शिकवते. वीस मिनिटांचं काम आहे.

शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी म्हणाली, "कुत्र्याचं का? अगं, आपली मशीन माणसाची आहे. तिले काय समजते कुत्र्याचं."

मला तेवढंच पाहिजे होतं. मी म्हटलं, चिकटल्या असतील प्लेटलेट. कागदाची घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जेवायला बसले.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की त्या दिवशी घाई होती. घाई नव्हती. खरं कारण सांगते. आईची स्लाइड मीच पाहिली होती. तिला नुसता थकवा होता, मी सहज म्हणून रक्त घेतलं, सहज म्हणून स्लाइड बनवली, आणि डोळा लावला तर त्या मोठ्या, कच्च्या, नको त्या पेशींनी सगळं भरून गेलेलं. आमच्या डॉक्टरांना दाखवण्याआधी दहा मिनिटं ते जगात फक्त मला माहीत होतं. ती दहा मिनिटं मी विसरू शकलेली नाही. घरच्या कोणाची स्लाइड पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती, मग तो कुत्रा का असेना. पण हिंमत नाही असं म्हणायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाला बघायला सांगता आलं असतं. मी काहीच केलं नाही.

संध्याकाळी बाबा फाटकातच उभे होते. "काय निघालं?"

"काही नाही, बाबा. सगळं बरोबर आहे. उन्हानं झालं असेल."

त्यांनी खाली वाकून त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाय, म्हटलं नोतं? काईच नाई तुले."

पुढचे तीन आठवडे ते सगळ्यांना तेच सांगत राहिले. शेजारी म्हणाले कुत्रा सुकला, की बाबा म्हणत, रक्त तपासलं ना, पोरीनंच तपासलं. त्यांनी त्याला ताक पाजलं, कूलरसमोर ओलं पोतं अंथरून दिलं. तो दिवसभर त्या पोत्यावर पडून राहायचा. गल्लीत कोणी का गा म्हटलं तर कान उभा व्हायचा, पण तो उठायचा नाही. मी ते पाहत होते. पाहून कामावर जात होते.

एका रविवारी सकाळी तो शिंकला. एकदा, दोनदा. ओसरीच्या पांढऱ्या फरशीवर लाल शिंतोडे उडाले. मग त्याच्या नाकपुडीतून रक्ताची धार लागली ती थांबेना. मी बर्फ लावला, कापूस दाबून धरला. बाबांनी त्याला उचललं आणि तसेच रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. रस्ताभर त्याचं डोकं त्यांच्या छातीशी होतं. सदर भागात प्राण्यांच्या दवाखान्यापाशी उतरलो तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा पुढचा सगळा भाग लाल झाला होता. रस्त्यावरचे लोक बाबांनाच काही झालं असं समजून बाजूला होत होते.

सदरमधला तो प्राण्यांचा दवाखाना मोठा होता. मागच्या खोलीत त्यांची स्वतःची लॅब, शेजारी सोनोग्राफी. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, कमी बोलणाऱ्या. त्यांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या होत्या आणि त्यांवर टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके होते. पोटावरही तसेच ठिपके. मी बघताक्षणी समजले. माणसाच्या अंगावर असे ठिपके दिसले तर मी धावत जाऊन डॉक्टरांना उठवलं असतं. आमच्या घरी हे पोट कित्येक दिवस कूलरसमोर पडलं होतं.

"याआधी कधी रक्त तपासलं का?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "तपासलं ना मॅडम. हे माही पोरगी, धंतोलीत लॅबमधेच आहे. तिनंच तपासलं तीन आठवड्यापयले. सगळं बराबर निघालं."

त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात माझा अभिमान होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "प्लेटलेट किती होत्या?"

"एकेचाळीस हजार."

"स्लाइड?"

"नाही बनवली."

त्यांनी मान खाली घालून तो आकडा कागदावर लिहिला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी विचारलं, "एकेचाळीस म्हंजे कमी असते का, मॅडम?"

"दोन लाखांच्या वर पाहिजेत, काका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुत्र्याच्या दुमडलेल्या कानावरून ते हात फिरवत राहिले. "तुले मालूम होतं?"

"आकडा माहीत होता, बाबा. मला वाटलं मशीन चुकून राहिलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

डॉक्टर मध्ये पडल्या, म्हणाल्या, "काका, आता आपण आधी रक्त घेऊ. तुम्ही धरा त्याला."

त्यांनी रक्त घेतलं आणि सुईच्या जागी बोट दाबून दहा मिनिटं उभ्या राहिल्या, कारण तेवढ्या भोकातूनही रक्त थांबत नव्हतं. मग स्लाइड बनवायला मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं दारातून म्हणाल्या, "बघायची असेल तर या."

मी गेले. डोळा लावला. प्लेटलेट दिसतात त्या तांबड्या पेशींच्या मधे मधे पडलेल्या जांभळ्या धुळीसारख्या. एका नजरेत दहा-पंधरा तरी दिसायला पाहिजेत. एकही नव्हती. स्लाइड सरकवली. नव्हती. सवयीनं मोजत गेले, दहा जागा, वीस जागा. चाळीसाव्या जागेला एक दिसली. पांढऱ्या पेशीही थोड्याच. त्या स्वच्छ, रिकाम्या स्लाइडकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी उठले.

सोनोग्राफीसाठी त्याच्या पोटावरचे केस काढले. बाबांनी त्याचे पुढचे दोन्ही पाय धरले होते आणि सारखं त्याच्याशी बोलत होते. स्क्रीनवर करडे ढग हलत होते. डॉक्टर एकेक दाखवत गेल्या, हे मूत्रपिंड, ठीक आहे. हे लिव्हर. ही पानथरी, म्हणजे प्लीहा, ही खूप मोठी झालेली दिसतेय. मग त्यांनी यंत्र वर छातीकडे सरकवलं. स्क्रीनवर एक छोटंसं काहीतरी भराभरा उघडमीट करायला लागलं.

"हे काय होय?" बाबांनी विचारलं.

"हृदय, काका."

बाबा वाकून बघायला लागले. "धडधडून राहिलं ना चांगलं?"

"हृदय चांगलं आहे."

"का गा," बाबा त्याला म्हणाले, "तुह्यं मन दिसून राहिलं मले." आणि हसले. त्या दिवसात ते हसले ते तेवढंच. डॉक्टरांनी यंत्र तिथंच धरून ठेवलं, जरुरीपेक्षा बराच वेळ.

रक्ताचे दोन थेंब टाकून करायची एक तपासणी असते. दहा मिनिटांत तिच्यावर निळा ठिपका उमटला. गोचीड ताप. जुना. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, पण म्हणाल्या, मज्जा नव्या पेशी बनवत नाहीये, औषध लागू पडेपर्यंत त्याला रक्त द्यावं लागेल. मोठा, निरोगी कुत्रा पाहिजे. त्यांच्याकडे अशा लोकांचे नंबर असतात. त्यांनी दोन फोन केले. पहिल्याचा कुत्रा म्हातारा झाला होता. दुसरा माणूस म्हणाला, येतो.

तो इतवारीतला भांड्यांचा व्यापारी होता. दुकान भावावर सोपवून तासाभरात आला. कपाळावर घाम, बोटांत अंगठ्या, आणि शेजारी वासराएवढा काळा कुत्रा. आत येऊन त्यानं कोणाला काही विचारलं नाही. बाबांचा रक्तानं माखलेला सदरा पाहिला आणि सरळ त्यांच्या शेजारी बाकावर बसला.

"काकाजी, टेन्शन नका घेऊ. माह्या ह्याच्यात भरपूर रक्त आहे. दिवसभर नुसतं खाते साला."

डॉक्टरांनी मला विचारलं, "क्रॉसमॅच तुम्ही कराल?" त्या एकट्याच होत्या त्या दिवशी. दोघांचं रक्त एकमेकांना चालतं की नाही हे आधी स्लाइडवर पाहायचं असतं. माणसांसाठी मी हे हजारदा केलंय. तरी पिपेटवरची खूण दोनदा पाहिली. एकदा केलं, बरोबर आलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करायला घेतलं तेव्हा डॉक्टर दारात येऊन म्हणाल्या, "ताई, पुरे. वेळ जातोय."

काळा कुत्रा आडवा पडून शांतपणे रक्त देत होता आणि त्याचा मालक त्याच्या कानात काहीतरी मारवाडी-हिंदी पुटपुटत होता. मग ती पिशवी आमच्या ह्याच्या डोक्याजवळ टांगली. दोन-तीन तासांत त्याच्या हिरड्यांवर किंचित गुलाबी रंग आला. व्यापारी तोवर थांबला होता. जाताना त्यानं आमच्या कुत्र्याला दोन बोटांनी सलाम केला. "चल रे, आता तू आमच्या खानदानातला."

तीन दिवस चांगले गेले. घरी आल्यावर त्यानं अंडं खाल्लं, फाटकापर्यंत चालत गेला. रोज मी त्याला सदरला घेऊन जायची, बाबा सोबत असायचे. माझ्याशी ते फक्त औषधापुरतं बोलत. गोळी दिली का. किती वाजता द्याची. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली की ते "पुरे" म्हणत. रागावले असते, ओरडले असते तर मी पाय धरले असते. पण ते ओरडलेच नाहीत. एकदा फक्त, मी त्याला गोळी देताना, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू लोकायचं तं सगळं बराबर पायतं."

चौथ्या दिवशी पुन्हा प्लेटलेट मोजल्या. नऊ हजार. आठवड्यानं सहा. मिळालेलं रक्त संपत होतं आणि स्वतःचं तयार होत नव्हतं. डॉक्टरांनी औषध वाढवलं, इंजेक्शनं दिली. व्यापाऱ्याला पुन्हा बोलावू का असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की आता त्याचा उपयोग थोडाच वेळ होईल, आणि दुसऱ्यांदा त्याचं शरीर ते रक्त स्वीकारेल याचीही खात्री नाही.

बाबा बाहेर ऑटोवाल्याशी बोलत होते. मी डॉक्टरांना विचारलं, "तीन आठवड्यांआधी आणलं असतं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाही बहुतेक मज्जा सुकायला लागली असेल. पण तेव्हा रक्त वाहत नव्हतं. औषधाला वेळ मिळाला असता. काही वाचतात."

"हा वाचला असता?"

"ताई, मी हो म्हटलं तरी खोटं होईल आणि नाही म्हटलं तरी खोटं होईल."

माझं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं. इतकं ते इतकं म्हणजे बरं, त्याखाली म्हणजे वाईट. मी त्या बाईंपुढे हात जोडून उभी होते, की काहीतरी एक सांगा. त्यांनी सांगितलं नाही. आजही मी त्यांना त्यासाठी दोष देत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला तो दिवस. सकाळी निघताना तो पोत्यावर पडला होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, श्वास चालू होता. बाबा शेजारी पाटावर बसलेले. मी म्हटलं, "काही वाटलं तर लगेच फोन करा, मी येते." त्यांनी मान हलवली.

लॅबमध्ये त्या दिवशी गर्दी होती. दर थोड्या वेळानं मी फोन बघत होते. फोन आला नाही. मला वाटलं, ठीक असेल. तीन वाजता सुट्टी घेऊन निघाले. रस्ते उन्हानं ओस पडले होते. फाटक उघडलं तर बाबा त्याच पाटावर, तसेच बसलेले. कूलर बंद होता. कुत्र्याच्या अंगावर आईची एक सुती साडी पांघरलेली होती, नीट, चारी बाजूंनी दाबून.

"कधी?" मी विचारलं.

"अकराला."

"बाबा, चार तास झाले. फोन का नाही केला?"

त्यांनी साडीची कड पुन्हा दाबली. मग म्हणाले, "तू कामावर होती."

मी तिथंच, चपलांसकट, फरशीवर बसले. साडी बाजूला करायची माझी हिंमत होत नव्हती. बाबांनीच ती थोडी वर केली. त्याचे डोळे त्यांनी मिटवले होते. नाकाशी वाळलेलं रक्तही पुसून काढलेलं होतं. मी त्याच्या पांढऱ्या पायावर हात ठेवला, जिथून मी पहिल्यांदा रक्त घेतलं होतं तिथं केस अजून पूर्ण आले नव्हते. मी रडायला लागले. बाबांनी मला जवळ घेतलं नाही आणि उठूनही गेले नाहीत. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो, ऊन ओसरीतून खाली उतरेपर्यंत.

संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्राच्या कामठी रोडकडच्या शेतावर त्याला नेलं. जमीन उन्हानं दगडासारखी झाली होती. मित्राच्या सालगड्यानं कुदळीनं खोदलं. शेवटी बाबांनी स्वतः कुदळ घेतली. पंचाहत्तर ओलांडलेला माणूस, मी धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे." खाली उतरून त्यांनीच त्याला ठेवलं. मोठ्यानं, स्पष्ट आवाजात पंचशील म्हटलं. सालगडी डोक्यावरचं फडकं काढून उभा राहिला.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस घरात आवाज नव्हता. आई गेल्यावर होतं तसंच सगळं, पण एक फरक होता. तेव्हा बाबा कोणाशीच बोलत नव्हते. आता शेजाऱ्यांशी, दूधवाल्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. मी सकाळी डबा करायची, ते खायचे, ताट धुऊन पालथं घालायचे. गल्लीत कोणी का गा म्हणून हाक मारली की आम्ही दोघंही नकळत फाटकाकडे बघायचो, आणि मग एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागायचो.

कामावर मी जात होते. चांदणी आली की स्लाइड बनवत होते. नव्या मुली म्हणायच्या, मॅडम किती काळजीनं बघतात. मी त्यांना काही सांगितलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी फोन वाजला. भांडेवाला व्यापारी होता. "ताई, मी इतवारीतून बोलतो. कसा आहे आमचा खानदानवाला? म्हटलं दुकानावर भाऊ आहे आज, भेटून घेऊ. आमचा काळ्या बी येतो म्हणते."

मी फोन हातात धरून बाबांकडे वळले. तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, माझ्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतो. त्याचा बाप," ते म्हणाले. "नाई राहिला गा तो. पंधरा-वीस दिवस झाले."

मग ते बोलत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. त्यांनी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. सिमेंटचा पाइप, त्याची माय परत आली नाही ते, लुगड्याचा तुकडा. का गा म्हटलं की कसा उठायचा. अंडं सोलेपर्यंत धीर नसायचा, टरफलासकट पळवायचा. स्क्रीनवर त्याचं मन कसं दिसलं. "तुह्या कुत्र्याच्या रक्तानं तीन दिवस चालला गा तो. फाटकापर्यंत गेला. तीन दिवस म्हंजे काई कमी नाई." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि ते रडायला लागले, फोन कानाला तसाच धरून. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. पलीकडचा माणूस काय म्हणत होता मला ऐकू येत नव्हतं, पण त्यानं फोन ठेवला नाही. अर्धा तास तरी ठेवला नाही.

गोचीड, ताप, रक्त, प्लेटलेट, सगळं त्या बोलण्यात आलं. माझं नाव आलं नाही. कधी कळलं, कोणी आधी तपासलं होतं, यातलं एक अक्षर बाबांनी सांगितलं नाही. ते मला वाचवण्यासाठी गाळलं, की माझं नाव घ्यायचीही इच्छा राहिली नव्हती म्हणून, मला समजलं नाही.

फोन ठेवून ते हात-तोंड धुवायला गेले. आले, पुन्हा पेपर घेतला. मी विचारलं, "चहा ठेवू का?"

"ठेव," ते म्हणाले.

आता आम्ही बोलतो. भाजीबद्दल, लाइट जाण्याबद्दल, त्यांच्या गुडघ्याबद्दल. त्या सोमवारबद्दल आम्ही बोललेलो नाही. मी दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.